पपायरस

मुस्ता कुलातील एक उंच, बहुवर्षायू व पाणथळ जागी वाढणारी ओषधी. हिचे शास्त्रीय नाव सायपेरस पपायरस असून कुल सायपेरेसी होय. महाराष्ट्रात ओलसर जागी सर्वत्र आढळणारा लव्हाळा व सुगंधी कंदांकरिता प्रसिद्ध असलेला नागरमोथा या वनस्पती तिच्याच सायपेरस प्रजातीतील आहेत. पपायरस मूळचा आफ्रिकेतील असून प्राचीन ईजिप्तमध्ये त्याच्या दांड्यांपासून लेखनपत्रे तयार करीत. ही पत्रे ईजिप्तमध्ये सु. चार हजार वर्षे व भूमध्य समुद्राभोवतीच्या इतर देशांत दीड हजारांहून अधिक वर्षे वापरात होती. अनेक यूरोपीय भाषांतील कागदवाचक शब्द याच वनस्पतीच्या नावावरून आले आहेत. एवढे महत्त्व लाभलेली ही वनस्पती ईजिप्तमधून मात्र जवळजवळ नाहीशी झाली. तेथे तिचे राखण निसर्गाइतकेच माणसाच्या गरजेने केले होते. गरज सरताच निगाही संपली. पपायरसाचा इतिहास त्यामुळे जितका लेखनसाहित्याचा, तितकाच एका पिकाच्या उदयास्ताचा आहे.

वनस्पतिवर्णन : पपायरसाचे मूलक्षोड जाड व आडवे असून ते चिखलात पसरते अथवा पाण्यावर तरंगणाऱ्या जाळ्याच्या स्वरूपात वाढते. त्यापासून सरळ, गुळगुळीत, पेरे नसलेले, हिरवे दांडे निघतात. ते सामान्यतः ३ ते ५ मी. उंच असून आडव्या छेदात त्रिकोणी दिसतात. दांड्याच्या तळाशी तपकिरी शल्कासारखी पाने असतात. अन्ननिर्मितीचे बहुतेक कार्य हिरवा दांडा व त्याच्या शेंड्यावरील झुपका यांकडूनच होते. झुपका शेकडो बारीक, लांब किरणांचा असून त्यांच्या टोकांजवळ तपकिरी कणिशके येतात. फळ लहान, शुष्क व एकबीजी असते. दांड्याच्या बाहेरील सालीच्या आत पांढरे, मऊ भेंड असते. त्यातील हवेच्या पोकळ्यांमुळे दांडा वजनाने हलका होतो व पाण्यावर तरंगतो. उष्ण प्रदेशातील अत्यंत वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींत याची गणना होते.

नैसर्गिक अवस्थेत पपायरस दक्षिण सूदान, युगांडा, केन्या, इथिओपिया, बोट्‌स्वाना, मादागास्कर इ. प्रदेशांतील सरोवरे व दलदली यांत आढळतो. दक्षिण सूदानमधील नाईल नदीच्या विस्तीर्ण दलदलीला सद्द असे म्हणतात. या अरबी शब्दाचा अर्थ ‘अडथळा’ असा आहे. पपायरस व इतर पाणवनस्पती यांच्या तरंगत्या जाळ्यांमुळे तेथे नौकानयन वारंवार बंद पडत असे.

नाव व प्रतीक : ‘पपायरस’ हा शब्द ग्रीक भाषेतून लॅटिनमध्ये आला, परंतु त्याची मूळ व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘राजाचे’ अशा अर्थाच्या एका ईजिप्शियन शब्दसमूहापासून तो आला असावा, असे एक मत आहे. तथापि वनस्पतीचे नाव म्हणून तो शब्दसमूह ईजिप्शियन लेखांत आढळत नाही. ग्रीक लोक या वनस्पतीला ‘बिब्लॉस’ असेही म्हणत. त्यावरून पुस्तकाचा वाचक ग्रीक शब्द व पुढे ‘बायबल’ हे नाव रूढ झाले. ईजिप्शियन चित्रलिपीत पपायरसाच्या दांड्याचे चिन्ह ‘वाज’ म्हणजे हिरवे, ताजे, टवटवीत या अर्थी वापरीत. पपायरसाचे बेट हे उत्तर ईजिप्तचे म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशाचे प्रतीक होते. मंदिरांतील अनेक दगडी स्तंभ पपायरसाच्या जुडीच्या आकाराचे असून त्यांचे शीर्षभाग मिटलेल्या वा उमललेल्या झुपक्यासारखे घडविलेले आहेत. विश्वाच्या आरंभी जलातून वर आलेल्या भूमीवर पपायरसाचे रान होते, ही कल्पना त्यामागे असावी.

प्राचीन उपयोग : लेखनपत्रे हा पपायरसाचा एक उपयोग झाला; सामान्य माणसाच्या जीवनात त्याचे इतर उपयोग कदाचित अधिक महत्त्वाचे होते. लाकडाची वाण असलेल्या ईजिप्तमध्ये वाळलेल्या मूलक्षोडांचे सरपण करीत व त्यांपासून भांडीही बनवीत. दांड्यांच्या जुड्या बांधून होड्या तयार होत. सालीपासून दोर, चटया, टोपल्या, शिडे व पादत्राणे करीत. ईजिप्शियन पुरोहित पपायरसाचीच पादत्राणे वापरीत, असे हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने नमूद केले आहे. दांड्याचा वरचा भाग इतर कामांसाठी तोडून घेऊन तळाकडील हातभर कोवळा भाग लोक खात किंवा विकत आणि तो तापलेल्या भट्टीत भाजल्यास अधिक रुचकर लागे, असेही तो सांगतो. इराणचा सम्राट झर्क्सीझ याने इ. स. पू. ४८० मध्ये हेलेस्पाँट सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधला, तेव्हा ईजिप्शियनांनी पुरविलेले दोर पपायरसाचे होते.

या होड्यांच्या टिकाऊपणाची परीक्षा आधुनिक काळातही झाली आहे. नॉर्वेचे संशोधक थॉर हायरडाल यांनी इथिओपियातील ताना सरोवरातून आणलेल्या पपायरसाची ‘रा’ ही नौका बांधून १९६९ मध्ये अटलांटिक महासागर ओलांडण्याचा प्रयत्न केला. ती नौका वाटेतच निकामी झाली. १९७० मध्ये ‘रा-२’ ही नौका मोरोक्कोतील साफी बंदरातून निघून ५७ दिवसांत बार्बेडोस बेटावर पोहोचली. ताना सरोवरात पपायरसाच्या होड्या आजही वापरतात.

लागवड व निगा : प्राचीन ईजिप्तमधील पपायरस कितपत वन्य व कितपत लागवडीचा होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आरंभीच्या काळात त्रिभुज प्रदेशातील नैसर्गिक दलदलींतून त्याची तोडणी होत असावी. प्राचीन थडग्यांतील चित्रांत पपायरसाच्या रानातील पक्ष्यांची व पाणघोड्यांची शिकार, तसेच दांडे उपटून त्यांच्या मोळ्या पाठीवरून नेणारे मजूर आढळतात. थीब्झ येथील प्युएम्रे याच्या थडग्यात (अठरावे राजघराणे) दांडे गोळा करण्याचे व ते सोलण्याचे दृश्य रंगविलेले आहे. पुढे मागणी वाढली, तशी दलदलींची वाटणी, राखण व निगा सुरू झाली आणि ग्रीक-रोमन काळात त्यांना मळ्यांचे स्वरूप आले.

या वनस्पतीच्या गरजांचे पहिले पद्धतशीर वर्णन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थीओफ्रॅस्टस (इ. स. पू. चौथे-तिसरे शतक) याने केले. पपायरस खोल पाण्यात न वाढता सु. दोन हात किंवा त्याहून कमी खोलीच्या पाण्यात वाढतो, त्याचे मूलक्षोड धट्ट्याकट्ट्या माणसाच्या मनगटाएवढे जाड असते, असे तो सांगतो. संथ व उथळ पाणी, दरवर्षी पुराबरोबर येणारा नवा गाळ, भरपूर ऊन आणि थंडीचा अभाव ही परिस्थिती नाईलच्या त्रिभुज प्रदेशात एकत्र येत होती. पाणी फार खोल झाले की कोवळे कोंब बुडतात, आटले की मूलक्षोड सुकते आणि खारे झाले की वाढ खुंटते. त्यामुळे मळ्यातील पाण्याची पातळी राखणे व पाट गाळाने बुजू न देणे ही निगेची मुख्य कामे होत. मूलक्षोड जागेवर राहिल्यास तोडलेल्या दांड्यांच्या जागी नवे दांडे येत राहतात. एकदा लावलेला मळा त्यामुळे अनेक वर्षे उत्पन्न देतो; परंतु तो उपटून ओरबाडल्यास किंवा कोवळे दांडे अवेळी तोडल्यास क्षीण होतो.

या मळ्यांच्या आर्थिक व्यवस्थेची माहिती पपायरसावरच लिहिलेल्या दस्तऐवजांतून मिळते. अ‍ॅलेक्झांड्रियाच्या परिसरातील एका मळ्याचा इ. स. पू. ५ मधील खंडाचा करार उपलब्ध आहे. मळ्याचे काम नीट करण्याची जबाबदारी त्यात खंडकऱ्यांवर टाकलेली असून मजुरांना आसपासच्या मळ्यांतील दरापेक्षा अधिक मजुरी देण्यास त्यांना मनाई केलेली आहे. वर्षातील काही महिन्यांचा हप्ता इतर महिन्यांच्या दुपटीहून अधिक आहे; त्यावरून तोडणी वर्षभर होत असली, तरी तिचा एक भराचा हंगाम होता, असे दिसते. फायूम भागातील इ. स. १७४ च्या एका दस्तऐवजात पपायरसाच्या २०,००० दांड्यांच्या खरेदीची नोंद आहे. चिखलात उभे राहून हे दांडे काढणाऱ्या मजुरांविषयी मात्र लेखी साधनांत फार थोडी माहिती मिळते. ज्या वस्तूवर प्राचीन जगाचा इतिहास लिहिला गेला, ती निर्माण करणाऱ्यांची ओळख मुख्यतः थडग्यांच्या भिंतींवरील चित्रांवरूनच होते.

भूगोलज्ञ स्ट्रेबो (इ. स. पू. पहिले शतक) याने या व्यवसायातील एका दोषावर बोट ठेवले आहे. अ‍ॅलेक्झांड्रियाजवळ पपायरस थोडा आढळतो, कारण तेथे त्याची लागवड करीत नाहीत. त्रिभुज प्रदेशाच्या खालच्या भागात तो विपुल आहे, असे तो सांगतो. तथापि उत्पन्न वाढविण्याच्या हेतूने काही लोक अनेक ठिकाणी त्याची वाढ होऊच देत नाहीत. टंचाईमुळे भाव चढतो व त्यांचा लाभ होतो, पण सर्वसामान्यांचे नुकसान होते, असा त्याचा आक्षेप आहे. मागणीच्या बळावर जोपासलेले पीक नफ्यासाठी आवळताही येते, हे त्यावरून स्पष्ट होते. रोमन सम्राट टायबीरिअस याच्या कारकीर्दीत (इ. स. १४–३७) पपायरसाची एवढी टंचाई झाली, की त्याच्या वाटपासाठी सेनेटच्या सदस्यांची नेमणूक करावी लागली.

लेखनपत्रे : लेखनपत्रे तयार करण्याची कृती सांगणारा एकही ईजिप्शियन लेख उपलब्ध नाही. याविषयीचे सविस्तर प्राचीन वर्णन रोमन लेखक थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या तेराव्या खंडात आहे, परंतु ते काही ठिकाणी संदिग्ध आहे. स्थूलमानाने ही कृती अशी : ताज्या दांड्याची साल काढून भेंडाचे पातळ पट्टे करीत. ते एकाशेजारी एक मांडून त्यांवर दुसरा थर काटकोनात पसरीत व दोन्ही थर दाबून एकजीव करीत. पान उन्हात वाळवून हस्तिदंताने वा शिंपल्याने घोटीत आणि अशी पाने खळीने एकमेकांस जोडून गुंडाळी करीत. प्लिनीच्या मते एका गुंडाळीत वीसपेक्षा अधिक पाने नसत. भेंडाचे उभे काप काढीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्रिकोणी दांड्याभोवती सुईसारख्या हत्याराने भेंड सोलून सलग पातळ पापुद्रा काढीत असावेत, असे मत नेदर्लंड्समधील अभ्यासक इग्नाझ हेंड्रिक्स यांनी १९८० मध्ये मांडले. पट्टे चिकटण्याचे श्रेय प्लिनी नाईलच्या गढूळ पाण्याला देतो. प्रत्यक्षात भेंडातील रस व दाब यांमुळेच थर एकजीव होतात, असे आधुनिक प्रयोगांत दिसून आले आहे.

सर्वांत जुनी कोरी गुंडाळी साकारा येथील हेमाका याच्या थडग्यात सापडली असून ती पहिल्या राजघराण्याच्या काळातील (इ. स. पू. सु. २९००) आहे. सर्वांत जुने लिखित पपायरस तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वादी अल् जर्फ येथे २०१३ मध्ये मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची, खूफू राजाच्या मोठ्या पिरॅमिडसाठी चुनखडकाच्या शिळा जलमार्गाने नेल्याची रोजनिशी आहे. प्लिनीच्या काळी लेखनपत्रांच्या अनेक प्रती होत्या. उत्तम प्रतीच्या पानाची रुंदी १३ अंगुळे (सु. २४ सेंमी.) असे, तर सहा अंगुळांहून अधिक रुंद नसलेले हलके पान केवळ माल बांधण्यासाठी वापरीत. क्लॉडिअस या सम्राटाने पातळ व जाड थर एकत्र आणून दोन्ही बाजूंनी लिहिता येईल असे दणकट पान प्रचारात आणले.

ऱ्हास : पपायरसाची पत्रे ईजिप्तच्या कोरड्या हवेत हजारो वर्षे टिकली, पण दमट हवेत ती लवकर कुजतात व घड्या पडल्यास चिरतात. त्यामुळे इ. स. चौथ्या शतकापर्यंत पुस्तकांसाठी चर्मपत्राचा वापर बराच वाढला होता. अरबांनी ६४१-४२ मध्ये ईजिप्त जिंकल्यानंतरही हा व्यवसाय चालू राहिला. निर्णायक बदल घडविला तो मध्य आशियातून आलेल्या कागदाने [→ कागद]. बगदादमध्ये आठव्या शतकाच्या अखेरीस कागद तयार होऊ लागला. तो चिंध्यांपासून कोठेही बनविता येत असल्यामुळे विशिष्ट दलदलीवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील ईजिप्तमधील एका पत्राच्या शेवटी, पपायरसावर लिहिल्याबद्दल लेखकाने क्षमा मागितलेली आढळते. कागद हे शिष्ट व्यवहाराचे साधन बनले होते, याची ती खूण होय. दहाव्या शतकात कागदाने पपायरसाची जागा घेतली व अकराव्या शतकात त्याचा वापर थांबला. यूरोपात पोपच्या कचेरीने पपायरसावरील शेवटची ज्ञात आज्ञापत्रे त्याच शतकाच्या मध्यास काढली. तेराव्या शतकात सेव्हिलचा वनस्पतिज्ञ अबुल अब्बास अन्-नबाती याने पपायरसाच्या कृतीचे वर्णन केले आहे, पण ते पूर्वीच्या काळची गोष्ट म्हणून.

उद्योग संपल्यावर मळ्यांचे पाणी राखण्याचे कारणही संपले. नाईलचे अनेक प्राचीन फाटे गाळाने भरून केवळ दोन मुख्य फाटे उरले. दलदली आटवून तेथे धान्याची व पुढे कापसाची शेती झाली. वेगळ्या उपयोगांसाठी थोडाफार पपायरस शिल्लक राहिला असावा. प्रॉस्पेरो अल्पिनी यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो ईजिप्तमध्ये पाहिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही दमिएत्ता व मंझाला सरोवराच्या परिसरात त्याची नोंद झाली. त्यानंतर तो तेथून नाहीसा झाल्याचे मानले जात होते. १९६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नबील अल् हदीदी यांना वादी नत्रूनमध्ये त्याचा एक लहानसा समूह आढळला. ज्या देशाचे तो प्रतीक होता, तेथे त्याचा पुरावा दगडी स्तंभांत विपुल आणि जिवंत स्वरूपात जवळजवळ शून्य, अशी स्थिती निर्माण झाली होती.

सिसिलीत पपायरसाचा इतिहास निराळा आहे. तो तेथे इ. स. पू. तिसऱ्या शतकात ईजिप्तमधून आला, असे एक मत आहे. अरब प्रवासी इब्न हौकल याने दहाव्या शतकात पालेर्मो येथे त्याची नोंद केली. तेथील बहुतेक पपायरसाचे जहाजांसाठी दोर वळीत व थोड्या भागाची लेखनपत्रे करीत, असे तो सांगतो. पालेर्मोतील पपिरेतो ही दलदल १५९१ मध्ये आटविण्यात आली. परंतु सिराक्यूजजवळील चाने नदीकाठी पपायरस टिकून राहिला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात साव्हेरिओ लांदोलीना यांनी तेथील दांड्यांपासून प्लिनीच्या वर्णनाच्या आधारे लेखनपत्रे बनविण्याचे प्रयोग केले. शहरवासीयांनी जपलेल्या या काठांमुळे आधुनिक अभ्यासकांना जिवंत वनस्पती हाताळता आली.

पुनरुज्जीवन : ईजिप्तमध्ये पपायरस परत आणण्याचे श्रेय हसन रगब (१९११–२००४) यांना दिले जाते. व्यवसायाने अभियंता असलेले रगब १९५० नंतरच्या दशकात चीनमध्ये ईजिप्तचे राजदूत होते. तेथील हातकागदाचा व्यवसाय पाहून पपायरसाच्या लेखनपत्रांची लुप्त कृती शोधण्याची कल्पना त्यांना सुचली. त्यांनी सूदानमधून मूलक्षोडे आणून गीझाजवळ नाईलमधील बेटावर लावली, अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर लिहिण्यायोग्य पत्रे तयार केली व १९६८ मध्ये कैरो येथे पपायरस संस्था स्थापन केली. १९७० नंतर शर्कीया प्रांतातील अल् करामूस या गावी शेतांत पपायरसाची लागवड होऊ लागली व पत्रे बनविणे आणि त्यांवर प्राचीन चित्रे रंगविणे हा तेथील कुटुंबांचा व्यवसाय झाला. त्याचे ग्राहक मुख्यतः परदेशी प्रवासी होत. २०११ मधील राजकीय उलथापालथ व २०२० मधील कोव्हिडची साथ यांमुळे पर्यटन मंदावताच हा व्यवसायही संकटात सापडला. केळीच्या पानांपासून बनविलेली नकली पत्रे बाजारात स्वस्तात मिळतात, हीही त्याची अडचण आहे. माणसाच्या मागणीवर उभे राहिलेले हे पीक त्या मागणीबरोबरच वाढते व खचते, हा प्राचीन अनुभव लहान प्रमाणावर पुन्हा येत आहे.

आधुनिक लागवड : शोभेची वनस्पती म्हणून पपायरस उष्ण देशांतील उद्यानांत व तळ्यांत लावतात, भारतातही तो या उपयोगासाठी लावला जातो. अभिवृद्धी मुख्यतः मूलक्षोडाच्या तुकड्यांपासून करतात. प्रत्येक तुकड्यास एक-दोन कोंब व मुळे असावी लागतात. चिकणमाती व कुजलेले खत यांच्या मिश्रणात तुकडा उभा लावून कुंडी उथळ पाण्यात ठेवतात. कोंब वाढल्यावर पाण्याची पातळी हळूहळू वाढवितात. बी अतिशय बारीक असल्याने ते न झाकता ओल्या मातीवर पसरून सतत ओलसर ठेवावे लागते. भरपूर ऊन व जोराच्या वाऱ्यापासून आडोसा आवश्यक असतो, कारण उंच दांडे मोडतात. वाळलेले दांडे तळापासून कापल्यास नव्या कोंबांना प्रकाश मिळतो. दहिवराने व हिमाने दांडे मरतात. म्हणून थंड देशांत झाड काचगृहात ठेवतात. मोकळ्या तळ्यात मूलक्षोड वेगाने पसरत असल्यामुळे ते कुंडीत वा बांधीव हौदात ठेवणे इष्ट असते. छत्रीसारख्या पानांच्या झुपक्यामुळे उद्यानांत परिचित असलेला छत्री लव्हाळा ही याच प्रजातीतील वेगळी जाती आहे; तिचा झुपका पाण्यात उलटा ठेवल्यास त्याला मुळे फुटतात. पपायरसाच्या बाबतीत मात्र मूलक्षोडाचे विभाजन हाच खात्रीचा मार्ग होय.

वन्य पपायरसाला मात्र आज नवे धोके उत्पन्न झाले आहेत. इझ्राएलमधील हूला खोऱ्यातील रान उत्तरेकडील टोकाचे असून १९५०–६० या दशकात ते खोरे आटविल्यामुळे बरेच घटले. उरलेल्या भागाचे १९६४ मध्ये राखीव क्षेत्र करण्यात आले. सद्द दलदलीला वळसा घालून नाईलचे पाणी नेणाऱ्या जाँगलेई कालव्याचे काम १९७८ मध्ये सुरू झाले, ते १९८४ च्या सुमारास यादवी युद्धामुळे थांबले. केन्यातील नैवाशा सरोवराभोवतीचा पपायरसाचा पट्टाही मोठ्या प्रमाणात कमी झाला आहे. पपायरसाच्या दलदली वाहत्या पाण्यातील गाळ व सांडपाण्यातील पोषकद्रव्ये अडवून पाणी स्वच्छ करतात. युगांडातील कांपाला शहराचे सांडपाणी व्हिक्टोरिया सरोवरात मिसळण्यापूर्वी अशाच दलदलीतून जाते. काही पक्षी तर याच रानांत राहतात. प्राचीन काळी लेखनपत्रांसाठी या वनस्पतीचे मोल होते; आता ती जेथे उभी आहे, तेथील पाण्यासाठी तिचे मोल आहे. ते वेळीच ओळखले जाईल की नाही, यावर उरलेल्या रानांचे भवितव्य अवलंबून राहील.